ओढणारी चाके किती असावीत?

भिलाईच्या पोलाद कारखान्यात १३० मीटर लांबीचा अखंड रूळ तयार होतो. त्या रुळावरून मालगाडी नेणाऱ्या इंजिनाची सगळी चाके ओढणारी असतात. केवळ भार पेलण्यासाठी म्हणून एकही चाक नसते. कारखान्याबाहेरच्या ग्रेट ईस्टर्न रोडवर धावणाऱ्या बहुतेक मोटारींची मात्र पुढची दोनच चाके ओढतात. मागची दोन त्यांच्यामागून मुकाट घरंगळत येतात. घर्षणाचा नियम दोन्हीकडे एकच आहे. उत्तरे निराळी का, हे समजले की नवी गाडी घेताना शोरूममध्ये पडणारा एक प्रश्नही सुटू लागतो: फ्रंट व्हील ड्राइव्ह पुरेल, की अधिक पैसे मोजून ऑल व्हील ड्राइव्ह घ्यावी?

आधी रुळाची गोष्ट. कोरड्या रुळावर पोलादी चाकाचा घर्षण गुणांक ०.३ च्या आसपास असतो. रूळ ओला वा तेलकट झाला की तो निम्म्यावर येतो. इंजिनाला जास्तीत जास्त किती ओढ लावता येईल हे त्याच्या अश्वशक्तीवर नव्हे, तर ओढणाऱ्या चाकांवर पडणाऱ्या भाराला या गुणांकाने गुणून ठरते. भारतीय रेल्वेने याचा अनुभव अलीकडेच घेतला आहे. २००१ साली आलेल्या डब्ल्यूडीपी-४ या चार हजार अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाला सहा आस होते, पण त्यांपैकी चारच आसांना विद्युत मोटरी जोडलेल्या होत्या. एक तृतीयांश वजन ओढीच्या कामी येतच नव्हते, आणि जड गाडी हलवताना चाके जागच्या जागी फिरण्याची तक्रार होती. पुढच्या डब्ल्यूडीपी-४बी या आवृत्तीत सहाही आस चालते झाले. पोलादावर पोलाद घसरते, आणि मागे हजारो टनांचा भार असतो. तिथे एकही चाक फुकट घालवणे परवडत नाही.

रबराची परिस्थिती सुखाची आहे. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षण गुणांक ०.७ ते ०.८ असतो, ओल्या डांबरावर ०.४ ते ०.५, आणि मोटारीला ओढायचे असते ते बहुधा स्वतःलाच. दोन चाके पुरतात ती यामुळे. तरीही कोणती दोन, हा प्रश्न सुटायला अर्धे शतक लागले.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लोनर कंपनीची एक विद्युत गाडी मांडली होती. तरुण फर्डिनांड पोर्शे यांनी तिच्या पुढच्या दोन चाकांच्या तुंब्यांतच मोटरी बसवल्या होत्या. १९०३ मध्ये हॉलंडच्या स्पायकर बंधूंनी पेट्रोल इंजिनावर चारही चाके फिरवणारी गाडी तयार केली. म्हणजे आज नवलाईने विकल्या जाणाऱ्या दोन्ही कल्पना सव्वाशे वर्षांच्या आहेत. अडचण होती ती सांध्याची. पुढच्या चाकाला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात: फिरायचे आणि वळायचेही. साधा युनिव्हर्सल जॉइंट कोनात वाकला की पलीकडच्या दांड्याचा वेग एका फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो. कोन ३० अंशांचा असेल, तर तो वेग मूळ वेगाच्या ८७ टक्क्यांपासून ११५ टक्क्यांपर्यंत हेलकावतो आणि हे हेलकावे थेट चालकाच्या हातांत येतात. आल्फ्रेड झेपा यांनी दोन महायुद्धांच्या दरम्यान सहा गोळ्यांचा समवेग सांधा सिद्ध केला. १९३४ साली सित्रोएनने ‘त्राक्सिआँ आव्हाँ’ ही पुढून ओढली जाणारी गाडी मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली, आणि १९५९ मध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी ‘मिनी’त इंजिन आडवे ठेवून, पुढच्या चाकांना जोडून, सबंध यंत्रणा नाकातच सामावली. छोट्या गाडीचा आराखडा तिथे ठरून गेला.

भारतात हा क्रम उलटा घडला. येथे चार चाकांची ओढ आधी आली. पोलादाच्या व्यापारासाठी १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रांच्या कंपनीने १९४९ पासून मुंबईच्या माझगावात विलीज जीप जोडायला सुरुवात केली. सैन्य, वनखाते, सर्वेक्षण, पाटबंधारे या सगळ्यांना जिथे रस्ताच नव्हता तिथे जायचे होते, आणि जीपचा जन्म नेमका त्यासाठीच झाला होता. परंतु तिची चार चाकांची ओढ कायम लावून ठेवायची नसते, हे जुने चालक अनुभवाने जाणत. कारण भूमितीत आहे. जीपच्या पुढच्या व मागच्या आसांत सुमारे दोन मीटर अंतर आहे. मागचा आस सहा मीटर त्रिज्येचे वळण घेत असेल, तर पुढच्या आसाची त्रिज्या पायथागोरसच्या नियमाने ६.३२ मीटर येते. नुसत्या काटकोनी वळणात मागचा आस ९.४ मीटर चालतो, पुढचा ९.९ मीटर. दोन्ही आस गिअरने घट्ट जखडलेले असतील, तर हा अर्ध्या मीटरचा फरक कुठे तरी जिरला पाहिजे. चिखलात चाक किंचित घसरते आणि तो जिरतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग दांडे पिळवटतात, सुकाणू जड होते आणि टायर झिजतात. आजच्या ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांत दोन आसांमध्ये डिफरन्शियल किंवा सैल-घट्ट होणारा क्लच असतो, तो हा फरक मुरवण्यासाठी. १९८० च्या आउडी क्वात्रोमुळे ही रचना डांबरी रस्त्यावरच्या मोटारींत प्रतिष्ठित झाली. ‘फोर व्हील’ आणि ‘ऑल व्हील’ या शब्दांतला खरा भेद हा आहे. विक्रेते तो क्वचितच सांगतात.

डांबरी रस्त्यावरच्या भारतीय कुटुंबाची गाडी मात्र मागच्या चाकांवर चाले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, म्हणजे पुढे पद्मिनी, आणि उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसॅडर, दोघींचे इंजिन पुढे, ओढ मागे आणि मधोमध लांब प्रोपेलर शाफ्ट. मागच्या आसनावर मध्ये बसणाऱ्याच्या पायांखाली येणारा उंचवटा त्या शाफ्टचा होता. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली आणि हे चित्र पालटू लागले. आडव्या बसवलेल्या ७९६ घनसेंटिमीटरच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनाने पुढची चाके फिरवली. शाफ्ट गेला, मागचा जड आस गेला, वजन घटले, इंधन वाचले. १९९८ मध्ये पुण्यात घडलेल्या टाटा इंडिकाने हाच आराखडा भारतीय अभिकल्पात आणला. झेनचा आकार आणि अ‍ॅम्बॅसॅडरची ऐसपैस जागा ही तिची जाहीर प्रतिज्ञा होती. शाफ्ट पोटात बाळगून ती पुरी करणे अवघड होते. पुढची ओढ भारतात रुजली ती घाटासाठी किंवा पावसासाठी नव्हे, तर जागा, वजन आणि किंमत यांसाठी, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

चार चाकांची ओढ घरगुती गाडीत परतली ती २०११ मध्ये, चाकणला बनणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही ५०० मधून. मूळ गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, ऑल व्हील ड्राइव्ह हा पर्याय. उलट २०१९ ची टाटा हॅरियर लँड रोव्हरच्या पायावर उभी असूनही केवळ पुढच्या चाकांवर आली, आणि त्यावर पुष्कळ नाराजी व्यक्त झाली. ती कितपत रास्त होती?

आकडेमोड करून पाहावी. पुढून ओढल्या जाणाऱ्या गाडीचे ६० टक्के वजन पुढच्या आसावर आहे, आणि गुरुत्वमध्याची उंची दोन आसांतील अंतराच्या साधारण २२ टक्के आहे, असे धरू. चढावर वजन मागे सरकते, त्यामुळे पुढची पकड थोडी घटते. हे सारे जमेस धरून ओल्या डांबरावर, गुणांक ०.५ असताना, ही गाडी १०० मीटरला २७ मीटर चढू शकते. पाच माणसे आणि सामान भरून भार दोन्ही आसांवर समसमान झाला, तरी सुमारे २२ मीटर. चारही चाके ओढत असतील तर ५० मीटर. फरक मोठा आहे, पण घाट तेवढे मागतात कुठे? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार डोंगरी रस्त्याचा चढ सहसा १०० मीटरला पाच मीटर, आणि अपवादात्मक ठिकाणी सात मीटर असतो. भिलाईहून बस्तरकडे जाताना लागणारा केशकालचा वळणावळणाचा घाट भर पावसातही पुढच्या दोन चाकांवर चढता येतो. सुस्थितीतल्या डांबरावर ओढ कमी पडण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

आता तोच हिशेब चिखलात. गुणांक ०.२ वर आला की पुढून ओढणारी गाडी १०० मीटरला जेमतेम साडेअकरा मीटर चढते, भरलेली असेल तर दहाच्याही आत. चारी चाकांची वीस मीटर. चाक रुतण्याचा रोध यातून अजून वजा करायचा आहे. त्यामुळे पावसाळ्यात शेताच्या बांधापर्यंत जाणाऱ्याला किंवा दल्ली-राजहराच्या बाजूच्या कच्च्या तांबड्या वाटांवर रोजचे काम असणाऱ्याला अधिक किंमत देणे समजण्यासारखे आहे. सेक्टरांच्या सरळ रस्त्यांवर फिरणाऱ्या आणि वर्षातून चार-सहा वेळा राजनांदगाव, साकोली, भंडारा करीत नागपूरला आप्तांकडे जाणाऱ्या भिलाईच्या मराठी कुटुंबाला मात्र ती ओढ वर्षानुवर्षे लागणार नाही. तिचे पन्नास ते शंभर किलो वजन आणि त्यापायी जळणारे इंधन मात्र रोज लागेल.

याहून गंभीर गैरसमज सुरक्षिततेचा आहे. ‘चारही चाके ओढतात, म्हणून पावसात गाडी सुरक्षित’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. ओढ आणि थांबणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतात. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत गुणांक ०.७ असताना किमान २९ मीटर घेते, आणि ०.४ असताना ५१ मीटर. या सूत्रात वेग आहे, गुणांक आहे, गुरुत्वत्वरण आहे. ओढणाऱ्या चाकांची संख्या कुठेही नाही. वळणावर बाहेर फेकले न जाण्याची मर्यादाही त्याच गुणांकाने ठरते. उलट चार चाकांच्या गाडीत निसरड्या रस्त्यावरही वेग सहज वाढतो, चाके फिरत नाहीत आणि रस्ता किती गुळगुळीत झाला आहे याची सूचनाच चालकाला मिळत नाही. ती मिळते ब्रेक दाबल्यावर. पावसात जीव वाचवणाऱ्या गोष्टी शोरूममध्ये फारशा मिरवल्या जात नाहीत: १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झालेली एबीएस यंत्रणा, एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून गाडी सावरणारे स्थिरता नियंत्रण, आणि टायरच्या खाचा. खाचांतली छोटी उंचवट्याची खूण १.६ मिलिमीटरवर असते. रबर झिजून तिच्याशी समतल झाले की पाणी बाहेर सारायला जागा उरत नाही. पर्यायाचे पैसे चांगल्या टायरांवर घातले, तर थांबण्याचे अंतर खरोखर घटते.

विजेच्या गाड्यांनी हा सगळा हिशेब पुन्हा मांडायला घेतला आहे. जड बॅटरी मधोमध तळाशी गेल्याने नाकावरचा जास्तीचा भार संपला. मोटर शून्य वेगापासूनच जोरदार टॉर्क देते, आणि वेग घेताना वजन मागे जाते. त्यामुळे २०२४ अखेर सादर झालेल्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई पुन्हा पद्मिनीसारख्या मागच्या चाकांवर चालतात. जून २०२५ मध्ये आलेल्या विजेवरच्या हॅरियरच्या चार चाकी आवृत्तीत पुढच्या आसाला एक मोटर आहे, मागच्याला दुसरी. दोहोंमध्ये कोणताही दांडा नाही. काटकोनी वळणातला तो अर्ध्या मीटरचा फरक आता कुठे जिरवावाच लागत नाही; दोन्ही आस आपापल्या वेगाने फिरतात.