१२३४५६७८९८७६५४३२१

ओळीने नऊ वेळा १ मांडून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग. ही सतरा अंकी विषम संख्या गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अभ्यासलेल्या ‘अद्‌भुत डेम्लो’ संख्यांपैकी, म्हणजे १, ११, १११ अशा केवळ एकांच्या संख्यांच्या वर्गांच्या मालिकेत, नववी आहे.

नाव : देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या कापरेकरांना या संख्यांची कल्पना जी. आय. पी. रेल्वेवरील डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर सुचली. म्हणून त्यांनी स्थानकाचेच नाव संख्यांना दिले.

पूर्वपरंपरा : अंकांच्या अशा चढउताराची आवड भारतीय गणितात जुनी आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त (नववे शतक) २७९९४६८१ × ४४१ हा गुणाकार येतो, त्याचे उत्तर १२३४५६५४३२१, म्हणजेच मालिकेतील सहावी संख्या.

वाचन : भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामांनी ही संख्या एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी अशी सुरू होते. मधला ९ अर्बुदाच्या, म्हणजे दशकोटीच्या, स्थानी येतो.

रचना : १११११११११ला त्याच संख्येने पाटीवर गुणले, की नऊ ओळी मिळतात. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजेत उजवीकडून पहिल्या घरात एक १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधल्या घरात नऊ, आणि पुढे तशीच उतरण. कुठेही हातचा येत नाही. दहा एकांच्या वर्गात मात्र मधल्या घराची बेरीज १० होते, हातचा डावीकडे सरकतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येते. त्यामुळे नऊ एकांचा वर्ग ही अखंड चढउतार असलेली मालिकेतील शेवटची संख्या ठरते.

अवयव : ३⁴ × ३७² × ३३३६६७². तिन्ही पाये मूळ संख्या आहेत. एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज या संख्येपेक्षा कमी भरते. म्हणून ती न्यून संख्या.

वर्गीकरण : पूर्ण वर्ग, विषमता, न्यूनता आणि विभाजकांची संख्या हे संख्येचे स्वतःचे गुण, ती कशीही लिहिली तरी ते टिकतात. दोन्हीकडून सारखी वाचली जाणे हा दशमान लेखनाचा गुण. हर्षद असणे हाही तसाच. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, म्हटले. येथे अंकांची बेरीज ८१ आणि भागाकार १५२४१५७८९९७१०४१, जो पुन्हा १२३४५६७९चा वर्ग आहे. लेखनाचा पाया बदलला, की अंक बदलतात आणि हे दोन्ही गुण नव्याने तपासावे लागतात. ३, ३७ आणि ३३३६६७ हे अवयव मात्र तेच राहतात.