कातारी, किर्लोस्कर आणि घरातला लेथ

महाराष्ट्र सोडून उत्तरेत आलेल्या मराठी कुटुंबाच्या सामानात पोळपाट-लाटणे बहुधा असतेच. हे लाटणे कोणी घडविले, असा प्रश्न मात्र आपल्याला सहसा पडत नाही. ते सुताराचे नव्हे, कातार्‍याचे काम. लाकूड फिरते ठेवून त्याला धारदार हत्यार लावावयाचे आणि गोल आकार काढावयाचा, ही कातार्‍याची विद्या. रेखीव चेहर्‍याला आपण आज ‘कातीव’ म्हणतो, तो शब्दही त्याच्याच चरकावरून भाषेत आला. इकडे गाझियाबादेत याच यंत्राला ‘खराद’ म्हणतात आणि ते चालविणार्‍याला ‘खरादी’. शब्द निराळा, विद्या एकच.

सावंतवाडीची लाखेच्या रंगाची खेळणी ज्यांनी लहानपणी हाताळली असतील, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. जुन्या पद्धतीत मदतनीस दोरीने लाकडाचा तुकडा पुढे-मागे फिरवी आणि कारागीर हत्यार धरी. तुकडा आपल्या दिशेने फिरेल तेवढ्याच अर्ध्या फेरीत लाकूड कापले जाई, उरलेली अर्धी फेरी फुकट. मग फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबावयाची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. पुढे विजेची मोटर आली, फेरी सलग झाली, मदतनिसाचा हात मोकळा झाला. यंत्रयुग म्हणजे काय, हे समजावयास एवढे एक उदाहरण पुरे आहे, असे मला वाटते.

परंतु मराठी माणसाची आधुनिक यंत्राशी गाठ पडली ती निराळ्या वाटेने, आणि ती वाट दुरुस्तीच्या पडवीतून गेली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण त्यांच्या डोळ्यांना रंगांतील भेद नीट कळत नसे. रंग सुटले, रेघ राहिली. ते यांत्रिक आरेखन शिकले आणि १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. ही संस्था आज वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. तेथील यंत्रे खोलून पाहणे, बिघडलेली चालू करणे, परदेशी नियतकालिके वाचून त्यांतील यंत्रांचा अभ्यास करणे हाच त्यांचा खरा अभ्यासक्रम होता. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला ती देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले.

बेळगावात बंधू रामूअण्णांबरोबर त्यांचे सायकलींचे दुकान होते. सायकल विकावयाची, ती चालवावयास शिकवावयाचे आणि मोडली की दुरुस्त करावयाची. या दुरुस्तीतूनच कडबा कापण्याचे यंत्र निघाले आणि १९०३ साली लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकर्‍यांची समजूत होती, म्हणून पहिले नांगर बराच काळ पडून राहिले. पुढे बेळगाव शहर वाढू लागले आणि कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. तोफेचा नांगर होणे ही पुराणात शोभावी अशी गोष्ट. आपल्याकडे ती हिशेबाच्या वहीत झाली.

१९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना निघाला आणि तेथे लेथ तयार होऊ लागले. देशभरच्या छोट्या कारखान्यांतून ते पोहोचले. हातात धरावयाच्या विजेच्या ड्रिलची कथाही जवळपास अशीच आहे. जर्मनीतील स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ साली असे पहिले यंत्र केले. आपल्याकडे मुंबईच्या मुलुंड उपनगरातील रॅलीवुल्फची ड्रिल कित्येक घरांत पोहोचली. तिचे वजन असे, की भिंतीला भोक पाडण्याआधी मनगटाची परीक्षा व्हावी!

आपले गाझियाबाद १७४० मध्ये वजीर गाझीउद्दीनने वसविले, पण त्याचा कायापालट झाला तो स्वातंत्र्यानंतरच्या कारखान्यांनी. १९७६ साली ते जिल्ह्याचे ठिकाण झाले. साहिबाबादसारख्या औद्योगिक वसाहतींनी हे यंत्रांचे गाव झाले, आणि जेथे यंत्रे असतात तेथे जुनी झालेली यंत्रेही असतात. कारखान्यातून काढून टाकलेला लेथ, पिलर ड्रिल किंवा रंध्याचे यंत्र भंगाराच्या भावात मिळते. एखादा निवृत्त इंजिनिअर ते घरच्या गॅरेजमध्ये आणतो आणि घरातील मंडळी कपाळाला हात लावतात. नंतर त्याच गॅरेजमधून पाट, चौरंग, देव्हारा आणि भाद्रपदात गणपतीचे मखर बाहेर पडते, तेव्हा तक्रार जरा मवाळ होते.

अशा यंत्राची पहिली अडचण विजेची. कारखान्याची मोटर तीन फेजची, घरची जोडणी बहुधा एका फेजची. आज व्हीएफडी नावाची पेटी एका फेजवरून तीन फेज करून देते आणि वेगही हवा तसा बदलते. यंत्र अमेरिकन असेल तर आणखी एक खोच आहे. तिकडची वीज साठ आवर्तनांची, आपली पन्नास. त्यामुळे त्याची मूळ मोटर येथे एक-षष्ठांश सावकाश फिरते, आणि तापू नये म्हणून तिला दाबही त्याच प्रमाणात कमी द्यावा लागतो.

दुसरी अडचण हवेची. ज्येष्ठातल्या लूने लाकूड आटते, श्रावणात ते फुगते. कोकणच्या दमट हवेत जुळविलेल्या देव्हार्‍याची फळी येथे दोन उन्हाळ्यांत तडकते, त्यात सुताराचा दोष नसतो. म्हणून रुंद फळी चौकटीत पक्की चिकटवू नये, खोबणीत मोकळी सोडावी. लोखंडाचे उलटे. त्याला उन्हाळा मानवतो, पण पावसाळ्यात एका रात्रीत गंज चढतो. त्यावर रॉकेल, बारीक पॉलिश पेपर आणि शेवटी तेलाचा पातळ हात, यांहून चांगला उपाय माझ्या पाहण्यात नाही. धातूच्या लेथवर लाकूड कातणार्‍याने तर विशेष जपावे. लाकडाचा भुसा यंत्राच्या घसरपट्टीवरचे तेल शोषून घेतो आणि ती कोरडी पडते. काम संपताच भुसा झाडून पुन्हा तेल द्यावे, आणि कातण्यापूर्वी पट्टीवर कापड घालावे. मात्र त्याची कड फिरत्या भागाजवळ कधीही येऊ देऊ नये. सैल बाही आणि हातमोजे यांनाही तोच नियम.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. शतक पालटण्याच्या सुमारास हरिहरचा तो लेथचा कारखाना बंद पडला. ज्या यंत्राचा कर्ताच राहिला नाही, त्याचा एखादा दाता तुटला तर सुटा भाग मागवावा कोठून? दिल्लीच्या जी. बी. रोडवर पुष्कळ काही मिळते, पण सर्व नाही. मुले परदेशी, त्यांना यंत्राची माया असली तरी ते विमानातून नेता येत नाही. भंगारवाला वजनावर भाव सांगतो. गॅरेजमधले यंत्र आणि भट्टी यांच्यामध्ये आज एकच माणूस उभा आहे, आणि त्याचे वय झालेले आहे.

तरीही एक वाट उरते, आणि ती लाकडातूनच जाते. ओतीव लोखंडाची एखादी मूठ वा पट्ट्याची कप्पी फुटली, तर तुकडे जोडून मूळ माप घ्यावयाचे आणि तसाच भाग आधी लाकडात घडवावयाचा. याला ओतशाळेत पॅटर्न म्हणतात. लोखंड निवताना सुमारे शेकडा एक आक्रसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवावयाचा. जेथे पुढे कातावयाचे असेल तेथे थोडी जाडी आणखी. वाळूतून सुखरूप निघावा म्हणून कडांना किंचित उतार. बेळगावच्या पडवीत नांगराच्या ओतकामालाही हीच विद्या लागली. किर्लोस्करांच्या घडणीचा, पण आज अनाथ झालेला लेथ आपल्याच नव्या कप्पीचा लाकडी पॅटर्न स्वतः कातून देऊ शकतो. तात्पुरती लाकडी कप्पी बसवून त्याला तेवढे काम चालविता येते. पॅटर्नला सागवान असेल तर उत्तम. ते फारसे हलत नाही, आणि चंद्रपूरकडचे सागवान इकडे ‘सी.पी. टीक’ म्हणून मागितले की वखारवाल्याला लगेच कळते.