एका नावाची लिप्यंतरे : लेफ्टनंट वेलिणकर

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ब्रिटिशांच्या ‘रॉयल फ्लाइंग कोअर’मध्ये चार भारतीय तरुणांना वैमानिक अधिकारी म्हणून प्रवेश मिळाला : हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल सेन आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. चौघांच्या चरित्रांचे भवितव्य मात्र सारखे नाही. मलिक दीर्घायुषी ठरले आणि आत्मचरित्र लिहून गेले. रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये अवघ्या काही दिवसांत दहा हवाई विजय मिळवले व त्याच महिन्यात ते पडले. फ्रान्समधील त्यांच्या कबरीवर फ्रेंचबरोबरच बंगाली मजकूर कोरलेला आहे. मातृभाषेने त्यांना तेथवर सोबत केली, असे म्हणता येईल. वेलिणकरांच्या वाट्याला ना आत्मकथन आले, ना हे भाग्य.

केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकलेले वेलिणकर तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये ‘डॉल्फिन’ हे लढाऊ विमान चालवीत. या विमानाची घडण विलक्षण होती. वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या सांगाड्यातून बाहेर येई. त्यामुळे वरचे आकाश त्याला निर्वेध दिसे. पण उतरताना विमान उलटले, तर पहिला आघात त्याच डोक्यावर होण्याची भीती असे. शिवाय ब्रिटिश विमानचालकांना त्या काळी हवाई छत्री दिली जात नव्हती. २७ जून १९१८ रोजी गस्तीवर गेलेले वेलिणकर परतले नाहीत. तीन दिवसांनी, ३० जूनला, जर्मनांच्या ताब्यात असताना त्यांचा मृत्यू झाला.

चरित्रकाराच्या दृष्टीने खरा पेच येथून सुरू होतो. मुळात देवनागरीतले आडनाव रोमन लिपीत गेले होते. जर्मन नोंदीत त्याचे ‘वुमकर’ असे काहीसे झाले. परिणामी कबर होती, पण ती कोणाची हे कळत नव्हते. युद्ध संपल्यानंतरच्या शोधातून ओळख पटली. एका अक्षरसमूहाच्या चुकीच्या वाचनाने माणूस बेपत्ता राहावा, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. येथे फक्त त्या पाठाची वाट एक कुटुंब पाहत होते.

आज सोम प्रांतातील हँगार्डच्या युद्ध-दफनभूमीत त्यांचे नाव रोमन अक्षरांत आहे. मराठीत ते परत आणताना ‘वेलिणकर’ लिहावे की ‘वेलिंकर’, हा प्रश्न त्या अक्षरांवरून सुटत नाही.