नव्या घड्याळातील बारीक दोष कसे पारखावेत?

लाखो रुपये मोजून घेतलेले घड्याळ निर्दोष असावे, ही अपेक्षा रास्तच आहे. तथापि डोळ्यांना खुपणारा प्रत्येक ठिपका दोष ठरत नाही. हा विवेक साधला, तर नाहक मनस्ताप टळतो आणि खरी तक्रार वेळेत करता येते.

तपासणी : ती पैसे देण्यापूर्वी दुकानातच करावी. घड्याळ हातभर अंतरावर धरून दिवसाच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहावे. हिरे पारखण्याचे दहापट भिंग लावल्यास उत्तम घड्याळातही धुळीचा कण किंवा छपाईची खडबडीत कड दिसू शकते. म्हणून दोष डोळ्यांनी शोधावा आणि भिंगाने त्याचे स्वरूप ओळखावे.

दुर्लक्ष करण्याजोगे : पोलादी पट्ट्यावरील, केवळ तिरप्या प्रकाशात दिसणारे केसासारखे ओरखडे. नित्याच्या वापराने असे ओरखडे उमटतातच. ते घालविण्यासाठी पॉलिश करणे म्हणजे धातूचा थर झिजविणे होय. वारंवार पॉलिश केल्यास घडणीच्या रेखीव कडा बोथट होतात.

आक्षेप घेण्याजोगे : काचेखालील कण घड्याळ हलविल्यावर जागा बदलत असेल, तर तो यंत्रात शिरण्याचा धोका असतो. बारा वाजता तासकाटा व मिनिटकाटा एकमेकांवर न येणे, तारीख खिडकीच्या एका कडेस सरकलेली असणे, बेझलवरील खूण तबकडीशी न जुळणे, हे जुळणीतील दोष होत. काचेखाली बाष्प धरल्यास घड्याळ मुळीच स्वीकारू नये. तो जलरोधात त्रुटी असल्याचा संकेत असतो.

काच : कृत्रिम नीलमण्याच्या काचेचे काठिण्य मोस मापक्रमात 9 असते. तिच्यावर सहसा ओरखडे पडत नाहीत, पण आघाताने कडेची कपची उडू शकते. काही घड्याळांत काचेच्या बाहेरील बाजूसही परावर्तनरोधक लेप असतो. अशा वेळी दिसणारा ओरखडा काचेवर नसून लेपावर असू शकतो.

दुरुस्ती की बदली? काचेखालील कण काढण्यासाठी घड्याळ उघडावे लागते. अगदी नव्या घड्याळाबाबत म्हणूनच प्रथम बदलीचा आग्रह धरावा. दुरुस्ती स्वीकारल्यास जलरोधाची चाचणी पुन्हा करून तिची लेखी नोंद घ्यावी.

पुरावा व कायदा : घड्याळ वापरल्यानंतर ओरखडा आधीचा की नंतरचा, हे सिद्ध करणे कठीण जाते. त्यामुळे दोषाचे छायाचित्र काढून दुकानदाराला त्याच दिवशी लेखी कळवावे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार गुणवत्तेतील उणीव हाही ‘दोष’ होय. ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाद मागता येते. प्राथमिक मार्गदर्शनासाठी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे.