वाङ्मयचौर्य आणि गुरूचे कर्तव्य



विद्यार्थ्याने दुसऱ्याचा मजकूर उतरवून आपल्या नावावर दिला, की आपण त्याला दोष देऊन मोकळे होतो. पूर्वी त्याच्या हाताशी गाईडे होती. आज यंत्र क्षणार्धात निबंध लिहून देते. साधने बदलली, प्रश्न मात्र फार जुना आहे. आपल्या प्राचीन आचार्यांनी त्याचा विचार केवळ दंडाच्या अंगाने न करता शिक्षणाच्या अंगाने केला होता. तो इतिहास आज आठवणे उपयुक्त होईल.

सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’च्या आरंभीच, अक्षरे फिरवून परक्याची रचना लपविणाऱ्या कवीची गणना चोरांत केली. निषेध स्पष्ट होता. पण नुसत्या निषेधाने शिष्याला वाट सापडत नाही. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त दोन रचनांमधील साम्याचे तीन प्रकार सांगितले : आरशातील प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन माणसांच्या देहांत असते तसे. पहिले दोन टाकावेत, तिसरे घ्यावे. कारण दोन माणसे सारखी दिसली तरी प्रत्येकाचा जीव निराळा असतो.

इसवी सन 900 च्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त हा विचार पुढे नेला. आपला पणजा अकालजलद ह्याला महाराष्ट्राचा चूडामणी म्हणविणारा हा पंडित कनोजच्या महेंद्रपाल राजाचा गुरू होता. म्हणजे तो शिक्षकच. 1916 मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झालेल्या ह्या ग्रंथाचे तीन अध्याय त्याने ‘हरण’ ह्या एका विषयाला दिले आहेत. शब्द घेणे वेगळे, अर्थ घेणे वेगळे, आणि प्रत्येकाचे पोटभेद निराळे. पत्नी अवंतिसुंदरी हिचे मतही तो तेथे नावानिशी नोंदवितो. उसनवारीची चर्चा करतानाही जिचे मत तिच्या पदरी टाकावयास तो विसरत नाही! शिवाय, अगदी निष्कलंक कवी कोणीच नसतो, हेही तो मान्य करतो. शिष्याला धाक घालण्यापेक्षा सीमा दाखविणे त्याला अधिक महत्त्वाचे वाटले.

ही सीमा ओळखावयास शिकवावे कसे? अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने ‘कविकंठाभरणा’त नवशिक्यांसाठी अभ्यास सांगितले. आरंभी अर्थाची पर्वा न करता केवळ वृत्त साधावे. मग प्रसिद्ध श्लोकातील शब्द बदलून तो पुन्हा रचावा. ह्यासाठी त्याने कालिदासाच्या ‘रघुवंशा’चा पहिलाच श्लोक उदाहरणादाखल घेतला आहे. ही नक्कलच होय. पण ती उघड नक्कल आहे. मूळ कोणाचे हे सर्वांना ठाऊक, आणि हा अभ्यास आहे, काव्य नव्हे, हेही सर्वांना ठाऊक. जेथे लपवाछपवी नाही तेथे चोरी नाही.

राजशेखराने कवीची दिनचर्याही आखून दिली आहे. सकाळी रचलेल्याची चौथ्या प्रहरी परीक्षा करावी, असा त्याचा दंडक आहे. लेखन घडत असताना त्यावर नजर असली, तर आयते आणून ठेवण्यास वाव कमी उरतो.

आता आपल्या वर्गाकडे पाहू. आपण निबंध फळ्यावर लिहून देतो, मुले तो उतरवून घेतात, परीक्षेत जसाच्या तसा लिहितात, आणि आपण त्याला पैकीच्या पैकी गुण देतो. पुढे तोच मुलगा महाविद्यालयात परक्याचे पान आपले म्हणून देतो, तेव्हा आपण चकित होतो. त्याने आपलाच धडा गिरविला, एवढेच.

म्हणून नक्कल करावयास द्यावी, पण तिला नक्कल म्हणावे. कोणाचे काय घेतले हे पहिल्या इयत्तेपासून सांगावयास लावावे. कच्चा खर्डा मागावा, तो वाचावा, त्यावर मुलाशी बोलावे. आणि मोडकेतोडके का होईना, स्वतःचे वाक्य लिहिणाऱ्याला उतरवलेल्या सुंदर परिच्छेदापेक्षा अधिक गुण द्यावेत. हे शेवटचे आपल्याच हाती आहे. आणि तेच आपण आजवर केलेले नाही.