सावरगाव घाट आणि मुंडे पुनरागमनाचा वाद

बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यातील सावरगाव घाट हे संत भगवानबाबांचे जन्मगाव. २०१७ पासून इथे भरणाऱ्या दसरा मेळाव्यामुळे गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले आणि जन्मस्थानाच्या परिसराला ‘भगवान भक्तिगड’ म्हटले जाऊ लागले. सत्तेबाहेर गेलेल्या नेत्याने परत यावे की नाही, या प्रश्नावर बीड जिल्हा गेल्या काही वर्षांत दोनदा दुभंगला. दोन्ही वेळा नेते एकाच घरातले होते : आधी पंकजा मुंडे, नंतर त्यांचे चुलतभाऊ धनंजय मुंडे. दोन्ही वादांचे धागे पाटोद्याच्या या डोंगराळ गावातून जातात.

भगवानबाबांचा (१८९६–१९६५) जन्म सावरगावच्या सानप कुटुंबात झाला. ते वारकरी संप्रदायातले कीर्तनकार. नारायणगडावरचे वास्तव्य सोडून त्यांनी धौम्यगडावर नवे ठाणे उभारले. पाथर्डी तालुक्यातल्या खरवंडीजवळचे हे स्थान पुढे भगवानगड म्हणून ओळखले जाऊ लागले. वंजारी समाजाची गडावर निस्सीम श्रद्धा आहे. या समाजातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, म्हणजेच ‘कोयते’, दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाची वाट धरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. घर सोडून सहा महिने फडावर राहण्याआधी सगळा समाज एका जागी दिसतो तो दसऱ्याला. गोपीनाथ मुंडे यांनी दसऱ्याला भगवानगडावर मेळावा घेण्याची प्रथा पाडली. त्या प्रथेचे बळ या स्थलांतरात आहे. ही तिथी नुसती सीमोल्लंघनाची म्हणून पाहिली, तर मेळाव्याचे मर्म हाती लागत नाही.

पडून पुन्हा उठणे या घराण्याला नवे नव्हते. गोपीनाथ मुंडे १९८० मध्ये रेणापूरमधून विधानसभेवर गेले, १९८५ मध्ये हरले, १९९० मध्ये पुन्हा निवडून आले आणि १९९५ मध्ये उपमुख्यमंत्री झाले. २६ मे २०१४ रोजी त्यांनी केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेतली आणि ३ जूनला दिल्लीतल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. कष्टकऱ्यांच्या घरांना ‘आपला माणूस’ दिल्लीत पोहोचल्याचे समाधान आठवडाभरच लाभले. त्या मृत्यूची हळहळ ध्यानात घेतल्याशिवाय पुढची दहा वर्षे समजत नाहीत.

वारसा कन्या पंकजा यांच्याकडे आला. पुतणे धनंजय त्याआधीच काकांपासून दुरावून राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले होते. भगवानगडाचे महंत नामदेवशास्त्री यांनी पंकजांना ‘गडाची कन्या’ म्हटले होते, पण पुढे गडावर राजकीय भाषण होणार नाही, असा निर्णय त्यांनीच घेतला. २०१६ चा मेळावा गडाच्या पायथ्याशी झाला. २०१७ मध्ये पंकजांनी मेळावा सावरगावी नेला. गडाने दार लावले तेव्हा त्यांनी गडाच्या संस्थापकाचे जन्मगाव गाठले, आणि श्रद्धेचा धागा न तोडता नवी जागा उभी राहिली. २०१८ च्या दसऱ्याला तिथे भगवानबाबांच्या २५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. ८ ऑक्टोबर २०१९ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा सावरगावला आले. त्याच महिन्यातल्या निवडणुकीत मात्र परळीत धनंजय मुंडे यांनी पंकजांचा ३०,७०१ मतांनी पराभव केला.

पुढची पाच वर्षे मैदानावरून एकच मागणी होत राहिली : ताईंना पद द्या. विधान परिषदेच्या आणि राज्यसभेच्या जागा निघत, नावाची चर्चा होई आणि यादीत ते नसे. समर्थकांना यात पक्षातल्याच वरिष्ठांचा डाव दिसे. विरोधकांचे म्हणणे सरळ होते : मतदारांनी नाकारलेल्याला मागच्या दाराने का आणायचे? २०२४ मध्ये पंकजा बीड लोकसभेला उभ्या राहिल्या आणि बजरंग सोनवणे यांच्याकडून ६,५५३ मतांनी हरल्या. मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे तेव्हा गावागावात मराठा आणि वंजारी अशी उभी फूट पडली होती. निकालानंतर पंकजांच्या काही तरुण समर्थकांनी जीव दिला. त्यांच्या घरी गेलेल्या पंकजा धाय मोकलून रडल्या आणि असे पाऊल कुणी उचलू नये, अशी विनवणी त्यांनी केली. नेत्याचे पद हीच स्वतःची पत, असे मुलांना वाटू लागणे हा या जिल्ह्यातला सर्वांत दुखरा भाग आहे. त्याची जबाबदारी दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांवर येते. जुलै २०२४ मध्ये पंकजा विधान परिषदेवर निवडून आल्या आणि १५ डिसेंबरला मंत्री झाल्या.

मधल्या काळात बहीण-भाऊ जवळ आले होते. २०२३ मध्ये धनंजय अजित पवारांबरोबर महायुतीत आले आणि १२ ऑक्टोबर २०२४ च्या मेळाव्यात सावरगावच्या व्यासपीठावर दोघे एकत्र दिसले. त्याच दिवशी मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांचा मेळावा नारायणगडावर भरला होता. भगवानबाबांनी सोडलेला गड आणि त्यांचे जन्मगाव, अशा दोन ठिकाणी एका जिल्ह्याचे दोन दसरे झाले.

पंकजांच्या शपथविधीच्या सहा दिवस आधी, ९ डिसेंबर २०२४ रोजी, केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांची निर्घृण हत्या करण्यात आली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले म्हणून हे घडले, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. धनंजय मुंडे यांचे निकटवर्तीय वाल्मिक कराड ३१ डिसेंबरला शरण आले. आरोपपत्रात त्यांना मुख्य सूत्रधार म्हटले आहे. धनंजय मुंडे स्वतः या खटल्यात आरोपी नाहीत. मात्र हत्येची छायाचित्रे बाहेर आल्यावर राज्य हादरले आणि ४ मार्च २०२५ रोजी त्यांनी अन्न व नागरी पुरवठा मंत्रिपदाचा राजीनामा दिला. सदसद्विवेकबुद्धी आणि प्रकृती ही कारणे त्यांनी दिली.

राजीनाम्याची मागणी रेटणाऱ्यांत सर्वांत मोठा आवाज पाटोद्याच्याच आमदाराचा होता. पाटोदा आष्टी विधानसभा मतदारसंघात येतो आणि तिथले आमदार सुरेश धस भाजपचे, म्हणजे पंकजांच्याच पक्षाचे. ‘आका’ (म्हणजे पडद्यामागचा म्होरक्या) हा शब्द त्यांनी विधानसभेपासून मोर्चापर्यंत गाजवला. माजलगावचे प्रकाश सोळंके तर धनंजय मुंडे यांच्याच पक्षाचे आमदार. राजीनामा त्यांनीही मागितला. त्यामुळे या वादाला सत्ताधारी विरुद्ध विरोधक असे रूप कधी आलेच नाही. फेब्रुवारीत धस आणि मुंडे यांची भेट झाल्याचे भाजपचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे यांनी सांगितले, तेव्हा धसांवरही संशय घेतला गेला. प्रकृतीची विचारपूस करायला गेलो होतो, असा खुलासा त्यांनी केला.

गडही यातून सुटला नाही. जानेवारी २०२५ च्या अखेरीस नामदेवशास्त्री यांनी भगवानगड धनंजय मुंडे यांच्या पाठीशी असल्याचे जाहीर केले. त्यानंतर दोनच दिवसांनी देशमुख कुटुंब गडावर गेले आणि गड आपल्याही पाठीशी असल्याचे आश्वासन घेऊन उतरले. राजकीय भाषण बंद करणाऱ्या गडाला अखेर बाजू सांगावी लागली आणि मग ती सावरावीही लागली.

राजीनाम्यानंतर परतीची चर्चा थांबली नाही. २० मे २०२५ रोजी छगन भुजबळ मंत्री झाले आणि मुंडेंचे खाते त्यांच्याकडे गेले. मुंडे कृषिमंत्री असतानाच्या खरेदीबाबतची याचिका उच्च न्यायालयाने फेटाळल्यावर, दुसऱ्या प्रकरणातही संबंध नसल्याचे स्पष्ट झाले तर पुन्हा संधी देऊ, अशा आशयाचे विधान अजित पवार यांनी केले. सप्टेंबरमध्ये कर्जतच्या कार्यक्रमात मुंडे यांनी स्वतःच, रिकामे ठेवू नका, जबाबदारी द्या, असे पक्षनेत्यांना जाहीरपणे सांगितले.

परतीच्या बाजूने मुख्य युक्तिवाद असा की ज्याच्यावर आरोपपत्र नाही त्याला शिक्षा कशाची? २०२४ मध्ये परळीने त्यांना १,४०,२२४ मतांच्या आघाडीने निवडून दिले, त्या कौलाचे काय? हे प्रश्न न्याय्य आहेत. उलट बाजू गुन्ह्याच्या कलमांपलीकडचे विचारते : मंत्र्याच्या नावावर जिल्ह्यात दहशत उभी राहत असेल तर राजकीय जबाबदारी कुणाची, आणि खटला चालू असताना साक्षीदारांना मंत्रिपदाचे दडपण वाटणार नाही का? प्रस्तुत लेखकाला ही दुसरी शंका अधिक वजनदार वाटते. आमदारकी मतदारांच्या हातात असते, मंत्रिपदावर मात्र कुणाचा हक्क नसतो, आणि मस्साजोगच्या घराला न्यायाची वाट निर्भयपणे पाहता आली पाहिजे.

पंकजांची परतीची वाट पराभवानंतरची होती. धनंजय यांची एका खुनाच्या छायेतून जाते. दोन्हींना ‘आपल्या माणसावरचा अन्याय’ या एकाच मापाने मोजले जाते, तिथे जिल्ह्यातले संभाषण खुंटते. संतोष देशमुख मराठा होते आणि आरोपींत वंजारी अधिक, एवढ्यावरून गावे बाजू घेऊ लागली. वास्तविक देशमुखांना ठाऊक असणारे गाव सगळ्या जातींचे होते आणि सरपंच म्हणून त्यांनी मधे पडण्याचे कारण गावातल्याच एका कामगाराला झालेली मारहाण हे होते.

२ ऑक्टोबर २०२५ च्या दसऱ्याला सावरगावला पंकजा मंत्री म्हणून आल्या आणि धनंजय माजी मंत्री म्हणून. मराठवाड्यात त्या पावसाळ्यात अतिवृष्टीने पिके वाहून गेली होती. समोर बसलेल्यांपैकी अनेकांना काही दिवसांतच कारखान्यांच्या वाटेला लागायचे होते.