कीबोर्डच्या बटणाखाली काय असतं? घेण्याआधी हे वाचा

मुलगा किंवा मुलगी टायपिंगच्या क्लासला जायला लागली की घरात कीबोर्डचा विषय निघतोच. राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टायपिंग परीक्षेत मिनिटाला 30 किंवा 40 शब्दांचा वेग लागतो, आणि तो घरच्या सरावाशिवाय येत नाही. दुकानात मात्र आपण किंमत बघतो, रंगीत दिवे बघतो; बटणाखालचा स्विच कोणता, हे कुणी विचारत नाही. बोटांना त्रास होणार की नाही, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

सर्वात स्वस्त आणि सगळीकडे दिसणारा प्रकार म्हणजे मेम्ब्रेन. बटणाखाली रबराची छोटी टोपी, तिच्याखाली प्लास्टिकचे पातळ पडदे. टोपी दबली की पडदे एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटतं. आवाज कमी, पण बटण जवळजवळ तळापर्यंत दाबावं लागतं. रबर जुनं झालं की बटण जड किंवा ढिलं लागतं. पडद्यावरची रेघ तुटली तर कीबोर्ड बदलणंच परवडतं.

लॅपटॉपमध्येही बहुधा रबराची टोपीच असते, फक्त तिच्याभोवती कात्रीसारखी प्लास्टिकची जोडी बसवलेली असते. म्हणून त्याला सिझर स्विच म्हणतात. साफ करायला बटण उपटू नका, ती कात्री पटकन मोडते.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःची स्प्रिंग आणि धातूचा संपर्क असलेला वेगळा स्विच असतो. जर्मनीच्या चेरी कंपनीचे एमएक्स स्विच 1980 च्या दशकात आले. त्यांचे रंग आज बाजाराची भाषाच झाले आहेत, इतर कंपन्याही बहुतेक तेच वापरतात. लाल म्हणजे सरळ खाली जाणारा, मध्ये कुठेही न अडणारा. तपकिरी दाबताना मध्येच हलकासा उंचवटा जाणवतो. निळ्यात उंचवटा असतोच, शिवाय टक्‌ असा आवाज येतो. बटण एकूण सुमारे 4 मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर साधारण 2 मिलिमीटरवरच उमटतं. म्हणजे तळ गाठायची गरज नाही. ही सवय लागली की बोटं कमी थकतात.

एक-दोन खोल्यांच्या घरात निळा घेऊ नका, असं आम्ही स्पष्टच सांगू. रात्री अकराला सराव सुरू झाला की सगळं घर जागं होईल! तपकिरी किंवा लाल बरा. खेळणाऱ्यांसाठी चुंबकावर चालणारे हॉल इफेक्ट स्विचही आले आहेत, टायपिंगला त्यांची गरज नाही.

मेकॅनिकल महाग असतो, पण एखादं बटण बिघडलं तर तेवढाच स्विच बदलता येतो. हॉट-स्वॅप लिहिलेलं असेल तर चिमट्याने, नाहीतर सोल्डरिंग करून.

बॉक्सवर ‘मेकॅनिकल फील’ असे शब्द असतील तर सावध राहा. तो बहुधा मेम्ब्रेनच असतो. खऱ्या मेकॅनिकलवर स्विचचा रंग किंवा नाव दिलेलं असतं. दुकानदाराला विचारून एक बटण काढून बघा: आत रबर दिसलं तर मेकॅनिकलचे पैसे देऊ नका. आणि क्लासमध्ये मेम्ब्रेनवर सराव होत असेल, तर परीक्षेपर्यंत घरीही साधा मेम्ब्रेनच ठेवा, महागडा नंतर घेता येईल.